मुसळ पडेपर्यंत

२२ सप्टेंबर १९९५, शुक्रवार

काल देशभरचे गणपती दूध प्याले. आमच्या सुरतेतल्या बमरोलीतला पण. मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायचं फोल्डिंग खातं अर्धं रिकामं. सुपरवायझर या नात्याने मी सगळ्यांची नावं लिहून घेणार होतो, पण मी स्वतः रांगेत होतो. निरीक्षणासाठी. चमचा घरून नेला होता, देवळातल्या चमच्याचा काय भरवसा.

माझं दूध गणपतीने घेतलं नाही. माझ्याच बाहीत ओतलं गेलं. मागे समोरच्या खोलीतला सुकदेव उभा होता. मोठ्याने म्हणाला, भाऊ, तुमच्या चमच्यात पाप आहे. त्याला पृष्ठताण समजावून सांगितला. तोवर त्याचा चमचा रिकामा झाला होता, आणि रांगेतल्या लोकांनी पृष्ठताणापेक्षा त्यावर विश्वास ठेवला.

या देशाचं अवघड आहे. कोणीतरी पुढे यायला हवं. मी सोडून दुसरं कोणी दिसत नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

बमरोली विज्ञान जागृती मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष मी. सेक्रेटरी सुकदेव, कारण बैठक जिन्यात झाली आणि तो नेमका वर चालला होता. बुलढाण्याकडचा, लूमवर मास्तर. अक्कल बेताची, आवाज मोठा. मंडळाला आवाज लागतो.

पहिलं कार्य ठरलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण आहे. सुरतेत खंडग्रास. सोसायटीच्या गच्चीवर सामूहिक दर्शन. ('दर्शन' शब्द बदलणे, देवळाचा वास येतो.)

घरी आल्यावर उज्ज्वलाला सांगितलं. ती लसूण सोलत होती, ती थांबली. सहावा महिना आहे तिला. मीसुद्धा बघू का, म्हणाली. म्हटलं, तू सगळ्यात पहिली. आणि तुझ्याशेजारी मी. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना? म्हटलं, योगराज पाटलाचा शब्द आहे. यावर ती काही बोलली नाही. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं असं मी धरतो.

तिच्या विचारण्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी चंद्रग्रहण चालू असताना पहाटे तिने माझ्या डब्यासाठी दुधी चिरला, आणि पुढच्या महिन्यात गर्भ गेला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कोणाचा दोष नसतो. पण सोसायटीतल्या बायका अजून दुधीचंच नाव घेतात. सुकदेवची बायको प्रमिलाबाई तर भाजीवाल्याकडे दुधी उचलला की आधी हिच्याकडे बघते. उज्ज्वलाचं म्हणणं असं की यावेळी मी सगळ्यांसमोर उघड्यावर उभी राहणार, पोर धडधाकट होणार आणि यांची तोंडं बंद होणार. विचार चांगला आहे. मूळ माझाच.

३ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटताना सुकदेवने फाटा फोडला. ग्रहणात त्यांच्या गावी परातीत पाणी घालून मुसळ ठेवतात. ते आपोआप उभं राहतं. ग्रहण सुटलं की पडतं. आता सांगा म्हणाला, तुमचं सायन्स काय म्हणतं.

मी हसलो. म्हटलं, सपाट बुडाची कुठलीही वस्तू कुठल्याही दिवशी उभी राहते, तिला पंचांग वाचता येत नाही. गुरुत्वमध्य समजावला. चार लोक जमले होते. जोरात होतो, त्यामुळे जाहीर करून टाकलं की कोजागिरीला गच्चीवर सगळ्यांसमोर मुसळ उभं करून दाखवीन. मुसळ प्रमिलाबाईंकडे आहे, मिरच्या कांडायचं.

उज्ज्वलाने विचारलं, आधी एकदा करून बघितलंय का? जे सिद्ध आहे ते करून काय बघायचं?

८ ऑक्टोबर, कोजागिरी

गच्ची उतरती आहे. बिल्डरने पाणी जायला उतार दिला आहे आणि हे मला कोणी सांगितलं नाही.

मुसळ पहिल्यांदा डावीकडे पडलं. दुसऱ्यांदा उजवीकडे. मग ते कुठे पडेल हे सांगता येईना, म्हणून लोक मागे सरकले. पाचव्या की सहाव्या वेळी ते आटवलेल्या दुधाच्या पातेल्यात गेलं. केशर घातलेलं होतं. सगळ्यांनी वर्गणी काढली होती.

सुकदेव म्हणाला, म्हणजे ग्रहणातच राहतं बघा, आज नाही राहत. लोकांना पटलं. तळमजल्यावरच्या गुजराती लोकांना मुसळाची ही भानगड माहीतच नव्हती. त्यांनाही आता माहीत झाली, आणि पटली. एका संध्याकाळी अंधश्रद्धा दोन मजले खाली उतरली.

उज्ज्वला पुसायला फडकं घेऊन आली. म्हणाली, जाऊ द्या, ग्रहण बघायचं आहे ते महत्त्वाचं, मुसळाचं काय घेऊन बसलात. बाईमाणसाला तत्त्वाचं महत्त्व कळत नाही.

सुकदेवने सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. तोंडी.

१२ ऑक्टोबर

प्रमिलाबाईंचं मुसळ अजून माझ्याकडेच आहे. रोज मिलमधून आल्यावर दार लावून सराव. उज्ज्वलाला सांगितलं आहे की व्यायाम करतो. आज मुसळ उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. नख काळं झालं. तोंडातून आईचं नाव गेलं, पण ते वेदनेने. देवाचं नाव घेतलं नाही याची नोंद करतो.

लंगडतो आहे. मिलमध्ये शेठने विचारलं, शुं थयुं? म्हटलं, प्रयोगशाळेत अपघात.

१५ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई धुरपदाबाई आल्या. दिवाळी आमच्याकडे करून मग लेकीला बाळंतपणाला पारोळ्याला नेणार. भुसावळ पॅसेंजरने आल्या. एका हातात फराळाचा डबा, दुसऱ्या हातात मुसळ. पाच फुटी. गाडीच्या डब्यातल्या सगळ्यांनी म्हणे त्यांना बसायला जागा दिली.

मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, सुरतमा मिक्सरवर भागवतात सगळी, ग्रहणले मुसळ कोठून आणशात?

धुरपदाबाईंना उज्ज्वलाच्या बेताबद्दल आज कळलं. कपाळाला हात लावला. मग संध्याकाळपर्यंत समजूत घालत होत्या. गर्भारणीने आतल्या खोलीत बसायचं, चिरायचं नाही, शिवायचं नाही, पोटावर गेरू लावायचा. उज्ज्वला ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, आई, मी मागच्या वेळी एकटीने सगळं ऐकून घेतलं, यावेळी मी बघणार. आणि हे माझ्याशेजारी उभे राहणार आहेत.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली. उभी हलवली की आडवी, ते आता आठवत नाही.

१८ ऑक्टोबर

सराव करताना सासूबाईंनी पकडलं. काय व्हयनं जवाईबापू, म्हणाल्या. कारण सांगावं लागलं. त्यांनी माझ्या हातातून मुसळ घेतलं, परातीत ठेवलं, दोन्ही तळव्यांत जरा इकडेतिकडे फिरवलं आणि सोडून दिलं. उभं. आज बुधवार. ग्रहण नाही, काही नाही.

मी विचारलं, मग ग्रहणातच का करता? म्हणाल्या, अंधाऱ्या खोलीत बाई तासन् तास बसणार, तिला बघायला काहीतरी नको का?

हा खरं तर माझा विजय आहे. मी दसऱ्याला म्हणालो होतो तेच सिद्ध झालं. तरी अंथरुणावर पडल्यावर विचार आला. ग्रहण सहा दिवसांवर आहे. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आजपासूनच एका रेषेत यायला लागले असणार. ओढ वाढली असणार. मी उभं करत होतो तेव्हा कोजागिरी होती, तेव्हा ओढ कमी. हे नाकारता येत नाही. विज्ञानात मन मोकळं ठेवावं लागतं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

चष्मा तयार केला. गेल्या वर्षी प्लेगच्या वेळी माझ्या छातीचे एक्स-रे काढले होते. (खबरदारी म्हणून. तीन.) त्यातला एक कापून पुठ्ठ्याला चिकटवला. मी प्लेगला घाबरून पहिल्या गाडीने पळालो असं सुकदेव सांगत फिरतो. मी सासूबाईंना भेटायला गेलो होतो. गाडीत गर्दी असल्यामुळे खिडकीतून चढावं लागलं, एवढंच.

उज्ज्वला म्हणाली, एक्स-रेतून बघू नका, डोळे जातात, पेपरात आलं आहे. तिने चौक बाजारातल्या विज्ञानवाल्यांच्या स्टॉलवरून ग्रहणाचे दोन चष्मे आणले आहेत. एक तिला, एक मला. अध्यक्षाच्या घरात बाहेरचा चष्मा! माझ्या चष्म्यातून दिव्याकडे पाहिलं. माझी बरगडी दिसली.

सासूबाईंनी शेजाऱ्यांकडून ऐकलं की दूरदर्शनवर ग्रहण थेट दाखवणार. तेव्हापासून टीव्हीवर गोधडी टाकून ठेवली आहे. अँटेनातून आत येतं म्हणाल्या. मी हसलो. गोधडी काढली मात्र नाही, टीव्हीवर धूळ बसते.

२२ ऑक्टोबर, रविवार

काही किरकोळ तयारी केली. उज्ज्वलाच्या उशीखाली लोखंडी खिळा ठेवला. लोखंड किती गंजतं ते बघायचं आहे. घरातली विळी, सुरी, कात्री आणि सुया गोळा करून माळ्यावर टाकल्या. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, एखाद्याला लागायचं. थोडा गेरू आणला. कुंडीला लावायला.

उज्ज्वला विचारत होती, कुठली कुंडी?

२३ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

संध्याकाळपासून वेध. सासूबाईंनी सगळ्या फराळावर तुळशीची पानं ठेवली. चकलीवर, करंजीवर, लोणच्याच्या बरणीत, माझ्या खोबरेल तेलात. मी म्हटलं, तेल कोण खातं? म्हणाल्या, तुम्हाले काय सांगावं.

वेध लागायच्या आत मी जरा जास्त खाल्लं. वेधांमुळे नव्हे, भूक होती म्हणून. आठ करंज्या, चिवडा, आणि चकल्या मोजल्या नाहीत. वेधांनंतर काही खाल्लं नाही, कारण पोटात जागा नव्हती. पोटाला विश्रांती द्यावी असं आयुर्वेदातही आहे.

झोपताना उज्ज्वलाने माझा हात घेऊन पोटावर ठेवला. आत लाथ मारत होता. म्हणाली, मलाही भीती वाटते हो. विज्ञान माहीत असलं म्हणून काय झालं. पण तुम्ही शेजारी असलात की उभी राहीन मी. म्हटलं, वेडी आहेस का, भिण्यासारखं आहे काय त्यात! सावली आहे नुसती.

तिला झोप लागली. मला खिळ्याची आठवण झाली. खिळा उशीखालीच होता.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सहा. आकाश स्वच्छ. एक ढग नाही. ढगाची थोडी अपेक्षा होती. पोट ठीक नाही. करंज्या.

साडेसात. सगळे गच्चीवर गेले. सुकदेवही. प्रमिलाबाई पण, उज्ज्वला खरंच येते का ते बघायला. मी माझा चष्मा घ्यायला आतल्या खोलीत आलो. इथे एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात आला. कुठल्याही प्रयोगात तुलना लागते. सगळेच बाहेर उभे राहिले तर आत काय होतं ते कोण पाहणार? कोणीतरी आत थांबायला हवं. कोणी जबाबदार. खिडकीला गोधडी बांधली, उजेडाने निरीक्षणात गडबड होते. सासूबाईंनी वर जाण्याआधी परातीत मुसळ उभं करून ठेवलं आहे. ते उभं आहे. बॅटरीच्या उजेडात लिहितो आहे.

पावणेआठ. उज्ज्वलाने जिन्यातून हाक मारली, अहो, चला. म्हटलं, आलोच.

आठच्या आसपास. ती खाली आली. सातव्या महिन्यात दोन मजले उतरून. दारात उभी राहून म्हणाली, तुम्ही शब्द दिला होता. मी तुलनेचा मुद्दा सांगितला. तिने गोधडीकडे पाहिलं, मुसळाकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. गेरूचं बोट चुकून लागलं असेल. दुसरा चष्मा तिच्या हातातच होता.

मागे सासूबाई आल्या होत्या. मी म्हटलं, तुमचा तर या सगळ्यावर विश्वास आहे, तुम्ही तरी आत थांबा. म्हणाल्या, मले भ्याव लागस, पन मन्ही पोर एकटी कशी उभी राही? आणि लेकीच्या हातातून माझा चष्मा घेतला, तिच्या पोटावर आपला पदर टाकला आणि दोघी वर गेल्या.

भावनेच्या भरात घेतलेला निर्णय.

साडेआठ. गोधडीच्या कडेचा उजेड पिवळट, मग राखेसारखा. कावळे ओरडतात. पोट फार बिघडलं आहे, पण संडास खोलीच्या बाहेर आहे. वर गच्चीवर एकदम ओरडा झाला. मग कोणीतरी हसलं. उज्ज्वला. हे हसणं मी ओळखतो. तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. उठून दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला. मुसळ उभं होतं. निरीक्षण अर्धवट सोडणं बरोबर नाही म्हणून परत बसलो.

नंतर. रस्त्यावर दे दान सुटे गिऱ्हाण सुरू झालं. याचा अर्थ ग्रहण सुटलं असा होत नाही. मागणाऱ्यांना घाई असते. सुटलं असतं तर मुसळ पडलं असतं. मुसळ उभं आहे. आज घरात विश्वास ठेवावा असं एकच उपकरण आहे.

अजून नंतर. वरणाला फोडणी बसली. मुसळ उभं.

अजून. लोक जेवून झोपले असावेत, सोसायटी शांत आहे. एवढं लांब ग्रहण इतिहासात नसेल. पेपरवाल्यांचं गणित पार चुकलं. मुसळ अजून उभं आहे. पोट असह्य.

दुपार. दार उघडलं. उज्ज्वला. अंगावर स्वच्छ साडी, केस ओले. मागून लख्ख ऊन आत आलं. म्हणाली, दहाच्या आतच सुटलं हो, तुम्ही अजून काय करताय? मी बोटाने मुसळ दाखवलं. तिने ते एका हाताने उचललं आणि कोपऱ्यात टेकवून ठेवलं. मग म्हणाली, पाणी काढलंय, आंघोळ करून घ्या. ज्याने ग्रहण पाळलं त्याने आंघोळ करायची असते.

२५ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळलं. साडीचं पाकीट दिलं. घेतलं तिने.

खाली सुकदेव सगळ्यांना सांगत होता की बमरोलीत एवढं कडक ग्रहण आजवर कोणा गर्भारणीनेही पाळलं नसेल. प्रमिलाबाई विचारत होत्या म्हणे, योगराजभाऊंची ओटी कधी भरायची. याच प्रमिलाबाईंनी काल गच्चीवर उज्ज्वलाकडून चष्मा मागून घेतला, दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा रांगेत उभ्या राहिल्या. आज दुधी हलव्याचा डबा घेऊन आल्या. उज्ज्वलाच्या हातात दिला आणि डोळ्याला पदर लावला. उज्ज्वलाने तिथेच डबा उघडून चमचाभर खाल्ला.

मंडळाचं कार्य सफल झालं म्हणायला हरकत नाही. अध्यक्षाच्या मार्गदर्शनाखाली.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

दोघींना स्टेशनवर सोडून आलो. गाडी सुटायला वेळ होता. काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, कसं दिसलं? उज्ज्वला म्हणाली, भाकरीचा घास तोडल्यासारखा सूर्य. आई इतकी घाबरली होती की माझा हात दाबून लाल केला, पण सोडला नाही. पोराला मोठं झाल्यावर सांगणार आहे म्हणाली, तू पोटात होतास तेव्हा आपण सूर्य बघितला, आजी शेजारी उभी होती.

मी विचारलं, आणि मी? मी कुठे होतो म्हणून सांगशील?

तिने जरा विचार केला. म्हणाली, घरात.

एवढंच. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर उत्तर होतं माझ्याकडे. गाडी हलली तेव्हा म्हणाली, वेळेवर जेवत जा.

खोलीवर आलो. विळी, सुरी माळ्यावरून उतरवली. उशी उचलली तर खिळा दिसला. गंजला नव्हता. कोपऱ्यात मुसळ तसंच. नेलं नाही त्यांनी. सासूबाई म्हणाल्या होत्या, राहू द्या, जवाईबापूले लागीन.

परात घेतली, पाणी घातलं. उतार बघितला नाही, काही नाही. दोन्ही तळव्यांत जरा फिरवलं आणि सोडलं. पहिल्याच खेपेला उभं राहिलं. साधा शुक्रवार आहे आज.

बघायला घरात कोणी नाही.